आमटी कोण करणार?

गेल्या वर्षी जुलैत लेकीच्या बाळंतपणासाठी मी मेलबर्नला गेले. बॅगेत सुंठ, डिंक, खारकेची पूड, मेतकूट आणि बिनकांदा-लसणाची चटणी असा अर्धा संसार होता. विमानतळावर त्यातलं एकेक उघडून दाखवता दाखवता पुरेवाट झाली. गाणी ऐकायला काही मी गेले नव्हते. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध कॉलेजात असताना आला तेवढाच. बेळगावात कॅम्पमध्ये राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे टेप होता, तिच्याकडे शनिवारी जायचं, चार गाणी ऐकायची आणि अर्थ कळल्यासारखी मान हलवायची. पुढं लग्न, घर, सासूबाईंचं आजारपण, मुलं. गाणं म्हणजे देवघरातली आरती आणि स्वयंपाकघरातला रेडिओ, एवढंच राहिलं.

मी पोचल्यावर काही दिवसांतच, २६ जुलैच्या शनिवारी, जावयांनी सकाळपासून रेडिओ लावला तो लावलाच. तिथं ट्रिपल जे नावाचं सरकारी रेडिओ केंद्र आहे, तरुणांचं. ते दरवर्षी लोकांकडून मतं मागवून शंभर गाणी निवडतात आणि शंभरापासून एकपर्यंत उलटी वाजवतात. पण या खेपेला केंद्राला पन्नास वर्षं झाली म्हणून अट होती की गाणी फक्त ऑस्ट्रेलियाची पाहिजेत. अमेरिका नको, इंग्लंड नको, आपल्या मातीतलं हवं. बाहेर कडाक्याची थंडी, कारण त्यांचा जुलै म्हणजे आपला पौष. आजूबाजूच्या घरांतूनही तोच आवाज येत होता. संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आता पहिला नंबर सांगतील." मी हातातली मेथी तशीच ठेवून बसले.

मला निपाणीचं घर आठवलं. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. अमीन सायानींचा आवाज, मधली खरखर, आणि रेडिओला कान लावून बसलेला माझा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे बापू म्हणायचे. तो एका जुन्या वहीत कुठलं गाणं कितव्या पायदानावर ते लिहून ठेवायचा. आमची जेवणं सूर्यास्ताआधीच झालेली असायची, त्यामुळं रात्री आठला आईही मोकळी असे. तिला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण पहिला नंबर कुणाचा यावर ती बापूशी पैज लावायची. हरली की दुसऱ्या दिवशी त्याच्या आवडीचं काहीतरी करायची. जिंकली तरी करायचीच.

त्या शनिवारी पहिला नंबर आला आयएनएक्सएस या बँडच्या 'नेव्हर टेअर अस अपार्ट'चा. १९८७ मधल्या त्यांच्या 'किक' नावाच्या अल्बममधलं गाणं. आपल्याला कुणी तोडू शकणार नाही, असा नावाचा साधा अर्थ. गाणारा मायकेल हचेन्स १९९७ मध्ये गेला, अवघा सदतीस वर्षांचा. जावई म्हणाले, "ॲडलेडच्या एका फुटबॉल संघाचे लोक मॅचच्या आधी गळ्यातले पट्टे वर धरून हे गाणं म्हणतात. सगळं मैदान गातं." मी विचारलं, "बँड कुणाचा?" ते म्हणाले, "फॅरिस म्हणून तीन भाऊ होते, अँड्र्यू, जॉन आणि टिम. आणि त्यांचे मित्र."

तीन भाऊ एका बँडमध्ये. मनात कुठंतरी खुट्ट झालं. मी मेथी निवडायला घेतली.

बाळ झालं. रात्रीची जागरणं माझ्याकडं आली. नातवाला मांडीवर घेऊन बसलं की फोनवर हळू आवाजात हीच गाणी लावायची सवय लागली. माहिती लेक सांगायची, नाहीतर जावई. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या देशाची निम्मी गाणी म्हणजे भावाभावांचा कारभार आहे. बी जीज हे गिब भाऊ. आईबापाबरोबर १९५८ मध्ये मँचेस्टरहून निघाले आणि ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफला येऊन राहिले. पोरवयात तिथं ते गायचे. क्राउडेड हाउस हा मेलबर्नचाच बँड, १९८५ चा. त्यातला नील फिन आणि पुढं काही काळ त्याच्याबरोबर आलेला मोठा भाऊ टिम, दोघंही जन्मानं न्यूझीलंडचे. त्यामुळं ऑस्ट्रेलियाचे लोक म्हणतात बँड आमचा आणि न्यूझीलंडचे म्हणतात पोरं आमची. हे ऐकून मला हसू आलं. सीमाभागातल्या बाईला हा वाद कुणी समजावून सांगायला नको.

आणि एसी/डीसी. यांचं संगीत मला सोसत नाही, खरं सांगते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मिक्सरमध्ये चमचा गेला असं वाटलं. पण त्यांची गोष्ट मला फार आवडली. यंग म्हणून कुटुंब १९६३ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून सिडनीला आलं. थोरला जॉर्ज आधीच गाण्यात नाव काढून बसलेला, 'इझीबीट्स' हा त्याचा बँड. मग १९७३ मध्ये माल्कम आणि अँगस या धाकट्यांनी आपला बँड काढला. आणि नाव कुणी दिलं? बहिणीनं. मार्गारेटनं शिलाई मशीनवर 'एसी/डीसी' ही अक्षरं बघितली आणि सुचवली, असं सांगतात. अँगसनं शाळेचा गणवेश घालून स्टेजवर जावं हेही तिचंच डोकं. हा अँगस आता सत्तरीचा झाला, तरी नोव्हेंबरात मेलबर्नच्या मोठ्या क्रिकेट मैदानावर कार्यक्रम झाला तेव्हाही गणवेश होताच.

मेलबर्नमध्ये एका बोळाला २००४ मध्ये या बँडचं नाव दिलंय. नातवाला बाबागाडीत घालून आम्ही तिथं गेलो होतो. जवळच्याच स्वॉन्स्टन स्ट्रीटवर १९७६ मध्ये हे लोक उघड्या ट्रकवर चढून, बॅगपाइप वाजवत गेले होते. त्याची फिल्म लेकीनं तिथंच उभं राहून दाखवली. मी बोळाच्या तोंडाशी ती पाटी बघत होते. भावांच्या नावानं पाटी लागली, आणि ते नाव बहिणीनं शिलाई करता करता दिलेलं. मार्गारेटचं नाव कुठल्या पाटीवर असेल? मी ठरवून विचार केला नाही, पण माहेरच्या सातबाराचा विचार डोक्यात आलाच.

आता ते सांगायलाच हवं.

आई २०२१ मध्ये गेली. बाराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, आणि बापूनं माझ्यापुढं एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र. निपाणीजवळची तीन एकर, एकेकाळी तंबाखूची, आता उसाची. "आक्का, एवढी सही कर, वकील थांबलेत." मी सही केलीही असती कदाचित. आमच्यात बहुतेक बहिणी करतात. कायद्यानं मुलीचा वाटा समान असला तरी माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून सही करून टाकतात. पण त्यानं आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. चार लोकांत मी म्हणाले, "आईची चूल अजून थंड झाली नाही आणि तू कागद आणलास? तू भाऊ नाहीस, तलाठी आहेस." त्याचा चेहरा पडला. नेमके त्याचे सासरे समोर बसले होते. तो म्हणाला, "मग आक्का, आता माहेर विसर."

मी विसरले नाही, पण गेलेही नाही. चार वर्षं. राखी पाठवली नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं बाहेरून कळलं. पत्रिका आली ती पोस्टानं, आमच्या ह्यांच्या नावे.

ऑगस्टच्या अखेरीस मेलबर्नलाच दशलक्षण पर्व आलं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि शेवट क्षमावाणीनं. ओल्या बाळंतिणीच्या घरात जमेल तसं केलं. क्षमावाणीला सकाळी फोन घेऊन बसले आणि हात जोडलेलं एक चित्र सगळ्या गटांना पाठवलं. महिला मंडळ, सोसायटी, ह्यांचे आतेभाऊ, शाळेच्या मैत्रिणी. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. दोनशे माणसांची क्षमा मी दहा मिनिटांत मागून टाकली. त्यातल्या एकशे नव्वद जणांशी माझं कधी भांडणही झालं नव्हतं. ज्याची मागायची होती त्याच्या नावावर बोट गेलं आणि तिथून पुढं सरकलं.

दिवस जात होते. गाणीही ऐकून होत होती. 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' तर तिथल्या पोराटोरांना पाठ. बँजो पॅटरसन या कवीनं १८९५ मध्ये क्वीन्सलंडमधल्या विंटनजवळ ते लिहिलं. भटका मजूर मेंढी चोरतो, पोलीस आले की पाण्यात उडी टाकून जीव देतो. इतक्या उड्या मारत गायचं गाणं आणि त्यात मेंढीही जाते नि माणूसही जातो! माझ्यासारखीला दोघांचंही वाईट वाटतं. १९७७ मध्ये राष्ट्रगीतासाठी लोकांचा कौल घेतला तेव्हा हे गाणं दुसरं आलं.

पण दोन गाण्यांनी मला थांबवलं. एक पॉल केली आणि केव्ह कारमोडी यांचं, 'फ्रॉम लिटल थिंग्ज बिग थिंग्ज ग्रो'. कारमोडी स्वतः मूळ रहिवासी घराण्यातला. गाण्यात व्हिन्सेंट लिंगियारीची गोष्ट आहे. उत्तरेकडं वेव्ह हिल नावाची एका इंग्रज लॉर्डाची गुरांची प्रचंड जहागीर होती. तिथं राबणारे गुरिंजी लोक १९६६ मध्ये काम सोडून निघून गेले. आधी वाटलं मजुरीचं भांडण आहे. त्यांचं म्हणणं निघालं की जमीनच आमची आहे, ती द्या. नऊ वर्षं ते एका ओढ्याकाठी बसून राहिले. शेवटी १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथं गेले आणि त्यांनी लिंगियारीच्या ओंजळीत मूठभर माती ओतली. तो फोटो मी बराच वेळ बघितला. त्यांचं दुःख आणि माझं भांडण यांची तुलना करण्याइतकी मी अडाणी नाही. पण जमीन मागणं म्हणजे हावरटपणा, असं जे मला चार वर्षं आतून टोचत होतं, ते त्या फोटोनं जरा कमी केलं. माती मागण्यात लाज नसते.

दुसरं आर्ची रोचचं, १९९० मधलं, 'टुक द चिल्ड्रन अवे'. तिथल्या सरकारांनी कित्येक वर्षं मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून काढून संस्थांत आणि गोऱ्या घरांत वाढवली. आर्ची त्यांतलाच एक. लहानपणीच नेलेला, घरचे सगळे गेले असं सांगितलेलं. पंधरा वर्षांचा असताना त्याला शाळेत एक पत्र आलं. त्याच्या सख्ख्या बहिणीचं. तुझी आई नुकतीच वारली, असं त्यात होतं. म्हणजे आई होती हे कळलं तेच ती गेल्यावर. नातू मांडीवर झोपला होता. मी गाणं बंद केलं. पुन्हा लावायला मला आठवडा लागला.

मग डिसेंबर आला. तिथला डिसेंबर म्हणजे आपला वैशाख. सूर्य पावणेनऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळं जुलैत पाच वाजता उरकणारं आमचं जेवण आता निवांत आठला होऊ लागलं. २१ तारखेला शेजारच्या बाई आल्या. वयानं पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात. बाळासाठी विणलेली टोपी घेऊन आल्या होत्या. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. एक गाणं लागलं, आणि त्यांनी बोलता बोलता तळहात वर केला. आम्ही गप्प झालो. गाणं संपेपर्यंत त्या तशाच बसल्या.

लेकीनं मग मला सांगितलं. पॉल केलीचंच गाणं, १९९६ चं, 'हाउ टू मेक ग्रेव्ही'. गाणं म्हणजे एक पत्र आहे. जो नावाचा माणूस तुरुंगातून डॅनला लिहितो. तारीख आजचीच, २१ डिसेंबर. नाताळाला सगळं घर जमणार. कोण कुठून येणार, उकाडा किती असेल, सगळं त्याला पाठ आहे. फक्त तो नसेल. आणि त्याला काळजी कसली, तर आता ग्रेव्ही कोण करणार? म्हणून पत्रातच तो कृती सांगतो. मैदा, मीठ, थोडी वाइन, आंबटगोडपणाला टोमॅटो सॉस. मग बायकोची आठवण, थोडा संशय, माफी, आणि पुन्हा ग्रेव्ही. ध्रुवपद म्हणून नाहीच. पत्राला कुठं ध्रुवपद असतं? लोक आता २१ डिसेंबरला ग्रेव्ही डे म्हणतात.

मांसाच्या रसात, दारू घालून केलेली ग्रेव्ही. त्यातलं मीठ सोडलं तर माझ्या ताटात येण्यासारखं काही नाही. पण मी ओट्याला टेकून उभी राहिले ती राहिलेच. तुरुंगातल्या माणसाला घर आठवतं ते कशानं, तर आपण करायचो त्या रश्श्यानं. आपण नसताना तो बिघडेल, या भीतीनं. मी बाईंना विचारलं, "तुमच्याकडं कोण करायचं?" त्या म्हणाल्या, "भाऊ." पुढं काही बोलल्या नाहीत. टोपी बाळाच्या डोक्यावर बसते का ते बघितलं आणि गेल्या.

आमच्याकडं कटाची आमटी आई करायची. पुरणाच्या दिवशी बापू पोळी एक खायचा आणि आमटी चार वाट्या. लोक म्हणतात ही आमटी दुसऱ्या दिवशी मुरते. आमच्यात शिळं चालत नाही, त्यामुळं आई ती सकाळीच करून ठेवायची, जेवणापर्यंत मुरायला. तिनं ती कृती कधी कुणाला सांगितली नाही. मला येते कारण मी तिच्या हाताखाली उभी राहिले. बापूच्या बायकोला येत नाही, कारण तिला आईनं जवळ येऊ दिलं नाही. ते आईचं चुकलंच. म्हणजे चार वर्षं त्या घरात ती आमटी झालेली नाही. माझा वाटा नाकारणाऱ्या भावाकडं आईचा जो वाटा जायला हवा होता, तो मी माझ्या हातात धरून बसले होते.

जावयांनी सांगितलं की त्या गाण्याचा पुढचा भाग पॉल केलीनं आता २०२५ मध्ये काढला, 'रीटा रोट अ लेटर'. रीटा ही जोची बायको. एकोणतीस वर्षांनी तिचं पत्र आलं! मला छप्पन पुरी झालीत. माझ्याकडं एकोणतीस वर्षं नाहीत.

त्या रात्री बाळ झोपल्यावर लिहायला बसले. फोनवर नाही, कागदावर. 'चि. बापूस अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.' खाली तारीख, २१ डिसेंबर. मग थेट कृतीच लिहिली. कट फार पातळ काढायचा नाही. सुकं खोबरं किसायचं नाही, अख्खी वाटी आचेवर काळसर होईपर्यंत भाजायची आणि मग कुटायची. धने, जिरे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. पुरणातलं डावभर पुरण आमटीत मोडायचं. चिंचेचा कोळ आणि गूळ. हिंग-कढीपत्त्याची फोडणी शेवटी वरून. वहिनीला म्हणावं, भांडं पितळेचं नको, चिंचेनं कळकतं.

नंतर लिहिलं, 'बाराव्याला चार लोकांत मी जे बोलले ते चुकलं. तुला तलाठी म्हणाले. त्याची क्षमा मागते. सप्टेंबरात सगळ्या गावाची मागितली, तुझी मागितली नाही, त्याचीही मागते.'

इथं पेन थांबलं. सहीचं लिहावं का? 'कागद पाठव, सही करते,' एवढं लिहिलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. ह्यांनी फोनवर तेच सुचवलं. पण मला ते खोटं वाटलं. क्षमा मागायची ती माझ्या शब्दांची. आईच्या जमिनीत माझं नाव असणं ही माझी चूक नाही, तिची क्षमा कशाला मागू? आपण बायका या दोन गोष्टी एकात कालवतो. नातं टिकवायचं म्हणून हक्क सोडतो आणि मग आयुष्यभर नात्यावर रुसतो. म्हणून मी लिहिलं, 'जमिनीचं आपण दोघं समोर बसून बोलू. वकील नको. तोवर सही करणार नाही आणि भांडणारही नाही.' पत्र सकाळी टपालात टाकलं.

जानेवारीत मी बेळगावला परत आले. उत्तर आलं नव्हतं. फेब्रुवारी गेला. पत्र पोचलं नसेल असं मी स्वतःला सांगू लागले. मग लिंगियारीची नऊ वर्षं आठवायची.

यंदाच्या पाडव्याला सकाळी नऊच्या सुमाराला पुरण वाटत होते. हात बरबटलेले. फोन ह्यांनी उचलला आणि काही न बोलता माझ्या कानाशी धरला. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, वहिनीही काहीतरी बोलत होत्या. मग बापूचा आवाज, जणू कालच बोललो असावं तसा.

"आक्का, चिंच किती ते लिहिलं नाहीस तू."

मी म्हणाले, "सुपारीएवढी. आधी कोमट पाण्यात भिजव."

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडं फोडणी तडतडलेली मला ऐकू आली.